गळ्यावरची रिकामी चकती

माझ्यासमोर कुणाला निवांत झोपता येत नाही, अशी घरात तक्रार आहे आणि ती खरी आहे. दुपारची जेवणं आटोपून वहिनी चटईवर आडवी झाली की माझे डोळे तिच्या पदराकडे लागतात. तो वर-खाली होतो का, घशात घरघर तर नाही ना, हे बघितल्याशिवाय मला सुपारीसुद्धा कातरता येत नाही. एकदा तिने डोळे उघडले तर माझं नाक तिच्या नाकापासून चार बोटांवर. "मी मेली नाही अजून, तिकडं सरका!" म्हणून तिने जी उशी फेकली, ती थेट फडताळातल्या काचेच्या बरणीवर. आगगाडीत समोरचा माणूस घोरता घोरता मध्येच थांबला की बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत माझ्या जिवाला चैन पडत नाही. वडील भिक्षुक होते. सकाळी संध्येला बसले की नाक दाबून श्वास रोखून धरायचे. लहानपणी त्यात मला काही वाटत नसे. नोकरीला लागल्यावर सुट्टीत घरी आले तेव्हा मात्र मला ते बघवेना. "सोडा आता, पुरे झालं," असं मी दारातून ओरडले आणि त्यांची संध्या मोडली म्हणून दिवसभर बोलणी खाल्ली.

ही खोड मला अकोल्याच्या नोकरीत जडली. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताच्या गाठीला बांधलेलं होतं आणि वरचे हुकूम नागपूरहून यायचे. नर्सिंगचं काम मी अमरावतीत शिकले आणि अकोल्याच्या एका लहान दवाखान्यात लागले. तिथे बायकांचा आणि पोरांचा मिळून एक लांब वॉर्ड होता, एक डॉक्टर होते आणि कोपऱ्यातल्या टेबलाला एक खण होता. आल्या आल्या तो खण उघडून बघायचा, ही माझी पहिली कामगिरी. त्यात श्वासाची हत्यारं असत. दातखीळ बसली तर जबडा उघडायला लाकडी पाचर आणि मळसूत्राचा चाप. जीभ मागे पडून वाट बुजली तर ती धरून पुढे ओढायला चिमटा. क्लोरोफॉर्म दिलेल्या रोग्याच्या जिभेवरून घशात बसवायची वाकडी धातूची नळी. आणि शेवटी, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या, गळ्याला चिरा देऊन बाहेरून बसवायच्या चांदीच्या नळ्या. लहान, मोठ्या, सगळ्या वाकड्या. डॉक्टर म्हणायचे, "ही फडक्यातली पुडी उघडावी लागली नाही, तर तो दिवस चांगला." माझे दिवस त्या पुडीकडे बघण्यात जायचे.

बाळापूरकडच्या एका खेड्यातून त्या पोरीला आणलं, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बैलांच्या दमणीतून उतरवतानाच तिच्या श्वासाचा आवाज मला वऱ्हांड्यात ऐकू आला. लाकूड कापताना करवतीचा येतो तसा. पाच-सहा वर्षांची पोर, मान मागे टाकलेली, ओठ जांभळे, श्वास आत घेताना गळ्याखालची खाच आत आत जात होती. घटसर्प. घशात जाड पापुद्रा धरतो आणि वाट बंद करतो. आई धिप्पाड, काळीसावळी, शेतात राबलेली बाई. पोरीबरोबर आपणही तोंडाने श्वास ओढत होती. वाटेत कुणी तरी पोरीला मध-हळद चाटवली होती, ती हनुवटीवर सुकली होती.

डॉक्टरांनी सुई दिली. पण सुईला गुण यायला वेळ लागतो आणि पोरीकडे वेळ नव्हता. मी चाप लावून जबडा उघडला, चिमट्याने जीभ ओढली, पण त्याचा उपयोग नव्हता. अडसर जिभेच्या पार खाली होता. तोंडातून घशात सरकवायची एक आखूड नळी डॉक्टरांपाशी होती, ती त्यांनी बोटाच्या अंदाजाने बसवून पाहिली. तिने पापुद्राच पुढे ढकलला आणि करवतीचा आवाज एकदम थांबला. डॉक्टरांनी नळी ओढून काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुडी."

क्लोरोफॉर्म द्यायची गरजच उरली नव्हती, पोरीला शुद्ध नव्हती. मी तिच्या खांद्याखाली उशी सारली आणि डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. डॉक्टरांनी चिरा दिला, रक्त आलं, आणि मग त्या भोकातून खोकल्यासारखा एक फवारा उडून माझ्या एप्रनवर आला. नळी आत गेली. फूं, फूं असा बारीक शीळ घातल्यासारखा आवाज सुरू झाला. पोरीचे ओठ आधी राखाडी, मग गुलाबी होत गेले. मला इतका आनंद झाला होता की मी त्या लाकडी टेबलालाच मिठी मारली असती.

त्या चांदीच्या नळीचं पथ्य आता माझ्या गळ्यात पडलं. ती एकात एक अशा दोन नळ्यांची असते. बाहेरची गळ्यात राहते, तिच्या तोंडाशी एक पातळ चकती असते आणि चकतीला दोन्ही बाजूंनी नाडी ओवून मानेमागे बांधायची. आतली नळी मात्र कफाने भरत येते. ती काढायची, कोंबडीच्या पिसाने आणि सोड्याच्या पाण्याने स्वच्छ करायची आणि पुन्हा आत सरकवायची. भिक्षुकाची लेक मी, कोंबडीची पिसं गोळा करत अकोल्याच्या गल्ल्यांतून हिंडत होते, हे वडिलांना कळलं असतं तर त्यांनी माझ्या नावाने आंघोळ केली असती. नळीच्या तोंडावर ओल्या जाळीदार कापडाचा एकच पदर ठेवायचा, म्हणजे हवा दमट होऊन आत जाते आणि धूळ बाहेर राहते.

पोरगी वाचली, पण मुकी झाली. म्हणजे तसं नव्हे. श्वास गळ्यातूनच ये-जा करत असल्याने तो आवाजाच्या पेटीपर्यंत पोचतच नव्हता. ती रडायची तेव्हा तोंड वेडंवाकडं व्हायचं, डोळ्यांतून धारा लागायच्या आणि आवाज म्हणून काही नाही. मला हे सहन होत नसे. पोर रडतं तेव्हा कान बंद करावेसे वाटतात, इथे कान फाडून ऐकावं लागत होतं. वॉर्डात कुठेही असले तरी माझा एक कान त्या शिळेकडे. दुसऱ्या रोग्याची नाडी मोजताना मी आकडे विसरून जायची.

डॉक्टरांनी आईला बजावून सांगितलं होतं, "नळीत पाणी जाऊ द्यायचं नाही. धूळ जाऊ द्यायची नाही." बाईने ते वेदवाक्य मानलं. बाजाराच्या दिवशी त्यांच्या गावची माणसं खरेदीला आली आणि बाजार करून सगळी पोरीला बघायला वॉर्डात शिरली. कपड्यांवर रस्त्याची धूळ, गवताची कुसळं. खाटेभोवती कडं करून बसली. त्यांतली बाईची थोरली जाऊ गळ्याकडे बघून म्हणाली, "अवं, उघड्या गळ्याले भोक! इतक्या लोकाईची नजर पडून राह्यली. झाक ते." बाईला दोन्ही पटलं, नजरही आणि धूळही. कापडाचा एक पदर धूळ अडवतो, तर चार पदर चांगलेच अडवतील, असा तिचा हिशेब. तिने आपलं जाड लुगड्याचं फडकं चौपदरी करून पोरीच्या गळ्याभोवती गुंडाळलं आणि वर नजरेचा काळा दोरा बांधला.

मग गप्पा सुरू झाल्या. कापसाची वेचणी कधी लागणार, कुणाच्या बैलाने कुणाला मारलं. मधोमध ती पोर टाचा घासत होती. जाऊ हसून म्हणाली, "पाहा कशी लाजून राह्यली!" एवढी माणसं हाताच्या अंतरावर बसली होती आणि लेकरू त्यांच्या मध्ये गुदमरत होतं.

मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पट्टी बांधत होते. मला काही ऐकू आलं नाही, एवढंच झालं. शीळ नव्हती. मी पट्टी तशीच सोडून धावले, माणसं बाजूला लोटली, दोऱ्यासकट फडकं ओढून काढलं. आतली नळी कफाने गच्च भरली होती. ती उपसून फेकली तेव्हा कुठे हवा आत गेली. पोरीचे डोळे पांढरे झाले होते, ते हळूहळू माझ्यावर स्थिर झाले. तिच्या आईला मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती बाई ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "मले वाटलं, धूळ जाईन." फेकलेली नळी उचलून मी सोड्याच्या पाण्यात टाकली.

त्या दिवसापासून बाई झोपलीच नाही म्हटलं तरी चालेल. पोरीच्या उशाशी बसायची आणि उजव्या हाताचा तळवा नळीच्या तोंडासमोर धरायची. वारा लागतो का बघायची. हात भरून आला की डावा. जेवताना एका हाताने भाकर, दुसरा हात गळ्यापाशी. आणि पोर आईच्या तोंडाकडे बघत पडायची. आईचा चेहरा सैल असला की ही सैल, आईच्या कपाळाला आठी पडली की ही लगेच धापा टाकू लागायची. मी म्हणायची, "बाई, मी आहे ना, पड जरा." ती मान डोलवायची आणि हात तिथेच.

घटसर्प उतरला. डॉक्टरांनी घसा तपासला, पापुद्रा गेला होता, सूज नव्हती, वरची वाट मोकळी होती. आता नळी काढायची. आधी बारीक नळी बसवली आणि तिच्या तोंडात बूच घातलं, म्हणजे श्वास आपोआप नाकाने येईल. पोरीने आईकडे पाहिलं. आईचा तळवा समोर होता, त्यावर वारा लागेना, आणि आईचं तोंड पांढरं पडलं. झालं. पोर हातपाय झाडू लागली, नखांनी गळा ओरबाडला, ओठ निळे. बूच काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी बूच नुसतं दिसलं तरी तेच. वाट उघडी होती आणि पोर त्या वाटेने श्वास घ्यायला तयार नव्हती. मी चिडचिडी झाले होते. कुणाशी धड बोलत नव्हते. दुधात साखर टाकायची विसरायची आणि मिठाची बरणी उघडी ठेवायची.

मग तिचा बाप आला. वेचणी तोंडावर आली होती, घरी धाकटं पोर जावेच्या गळ्यात टाकलेलं. तो डॉक्टरांना म्हणाला, "नळी राह्यली तं राह्यली, साहेब. लेकरू जितं आहे, मले भरून पावलं. आता घेऊन जातो मी." त्याचं काही चुकत नव्हतं. पण वेचणीच्या दिवसांत त्यांचं घर आढ्यापर्यंत कापसाने भरतं. त्या घरात उघड्या नळीचं पोर. एक चिमूट कापूस पुरे होता. शिवाय नळी लांबली तर जखमेपाशी श्वासनळी आवळत जाते आणि मग ती जन्मभर निघत नाही. डॉक्टरांनी हे सगळं त्याला समजावलं आणि पुढच्या बाजारापर्यंत मुदत मागितली. बाप कबूल झाला. डॉक्टर खोलीत जाऊन बसले आणि पुडीतली एक नळी बोटांत फिरवत राहिले. मी दारात उभी. मग डॉक्टर म्हणाले, "तिला नळी हवी आहे ना, मग नळी राहू दे. नुसती दिसायला. सोनाराकडून अशीच चकती करून आणा. मागे नळी नको."

मी पोरीची आधीची मोठी नळी चकतीसकट नमुन्याला घेऊन सराफ्यात गेले. सोनाराने ती उलटसुलट केली. "याच्या मांगं तं नळी आहे."

"मला नळी नको. नुसती चकती, पुढचं तोंड तेवढं दिसलं पाहिजे."

"ताईत करून देऊ काय? आत चिठ्ठी घालता येईन."

"आत काही नको. रिकामंच पाहिजे," मी खेकसले. भला माणूस होता. माझ्याकडे बघून त्याने पुढे काही विचारलं नाही आणि हातातलं काम बाजूला ठेवून ते करून दिलं.

खरी अडचण पोरीची नव्हतीच. त्या रिकाम्या चकतीसमोर आईने हात धरला, तर वारा लागणार नाही. आईचा चेहरा फिरला की पोरीला कळणार, आणि मग सगळं मुसळ केरात. आईला दूर पाठवावं, तर पोर त्याच धसक्याने गुदमरणार. म्हणून आईला सांगणं भाग होतं. मी तिला वऱ्हांड्यात नेलं आणि आमच्या बोलीत, जमेल तेवढं हळू आवाजात सांगितलं, "उद्या नळी काढू. वर नुसती चकती राहीन. तू रोजच्यासारखा हात धरजो. वारा लागणार नाही. तोंडावर मात्र काही दिसू देऊ नको."

तिने आपल्या तळव्याकडे पाहिलं. "वारा लागत नसला तरी हात धरू?"

"हो."

"अन् खरंच बंद पडला तं? मले कसं समजंन?"

"तिच्या छातीकडं पाहाय. पण हात तिथंच."

"अन् हासू?"

"हास."

ती म्हणाली, "हे तुमी करा ना, बाई. मले नाही होणार." पण पोर माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, ते तिलाही माहीत होतं. वऱ्हांड्याच्या खांबाला पाठ लावून ती उभी राहिली, पदराने तोंड पुसलं आणि आत गेली.

सकाळी नळी साफ करायच्या वेळी पोर नेहमीसारखे डोळे मिटून पडली. डॉक्टरांनी आतली नळी काढली आणि तिच्यामागोमाग बाहेरचीही काढली. भोकावर कापडाची जाड घडी घट्ट बसवली, वर चकती ठेवली, मी मानेमागे नाडी बांधली. पोरीने डोळे उघडले. बोटांनी चाचपून पाहिलं. चकती जागेवर होती. मग तिने आईकडे पाहिलं.

आईने हात धरला. मी बाजूला ट्रे घेऊन उभी होते आणि त्या हातावर काही लागत नाही हे मला माहीत होतं. बाई हसली. ते हसू बघून मला भीतीच वाटली, दात दाखवल्यासारखं होतं ते. पण पोरीला ते चाललं. तिची छाती वर आली, खाली गेली, नाकपुड्या हलल्या. श्वास चालू होता, वरच्या वाटेने, आणि मला शीळ ऐकू येत नव्हती. इतके दिवस मी त्या आवाजावर जगले होते. तो नाही म्हटल्यावर मी क्षणोक्षणी दचकत होते. कुणी भांडं आपटलं तरी मी वळून बघायची.

दिवसभर बाई तशीच बसली. तळव्यावर काही नाही, आणि तोंडावर हसू. मधूनमधून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते ती शिंकेचा बहाणा करून पुसायची. संध्याकाळी पोरगी दूध प्यायली, वरणात कालवलेली भाकर खाल्ली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी येऊन घडीखाली डोकावून पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. भोक आकसायला लागलं होतं. पण पोरीला सांगायचं कधी आणि कसं, हे कुणालाच कळत नव्हतं. सांगावं आणि तिने पुन्हा धसका घ्यावा, तर तोवर भोकही बुजलेलं. मग पुन्हा चिरा. मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "बघू." माझं डोकं उठलं त्या "बघू"ने.

दुपारी वॉर्ड जरा शांत झाला. मी खाटेपाशी सोड्याचं पाणी घेऊन गेले होते, सोंग चालू ठेवायचं म्हणून पिसं आणि वाटी रोजच्यासारखी मांडत होते. बाईचा हात गळ्यापाशीच होता, भरून आला तरी ती तो बदलत नव्हती. पोरगी आईच्या तोंडाकडे बघत पडली होती. मग तिने आपल्या दोन्ही हातांनी आईचं मनगट धरलं, गळ्यापासून उचललं आणि आपल्या नाकाखाली नेऊन ठेवलं.

"माय, इथं धर," ती म्हणाली. आवाज फाटका, घोगरा, पण आवाज. "तिथं काही नाही. वारा इथून येते."

माझ्या हातातून वाटी सुटली. बाईला ती पडल्याचंही कळलं नाही. ती पोरीला म्हणाली, "कवापासून समजलं तुले?"

"कालपासून."

"मंग सांगतलं काहून नाही, पोरी?"

"तू भेशीन म्हून."

बाईने हात काढला नाही. त्या हातावर आता वारा लागत होता, आणि पोर अजूनही आईच्या तोंडाकडेच बघत होती, ती भ्याली तर नाही ना म्हणून.